टार्गेटचा उंबरा

"घर नेहमीचं बांधा, विभूतेबाई. माणसं राहतात तसं. आणि जीव लावू नका."

डॉ. अंतुरकरांनी हे सांगितलं तेव्हा ते वाळूत उभे होते. डोक्यावर ओला रुमाल, हातात गुंडाळलेला नकाशा, पायात घोट्याच्या वर येणारे बूट. त्यांच्या मागे जिकडे बघावं तिकडे काही म्हणजे काही नव्हतं. एक उंटीण होती, तीही आमच्याकडे पाठ करून उभी.

मी "बरं" म्हटलं.

"काय?"

"बरं म्हणत्यात!" शेजारून कोंडिबा मेस्त्री ओरडले.

माझा आवाज पहिल्यापासून लहान. आमचं घर गुरवाचं. गाभाऱ्यात मोठ्यानं बोलायचं नाही असं लहानपणी वडिलांनी शिकवलं, आणि मग ते गाभाऱ्याबाहेरही तसंच राहिलं. सरकारी इंजिनिअर झाले तरी सुटलं नाही. तिथं वाळवंटात तर वारा, जनरेटर आणि ट्रक, त्यात माझं बोलणं मेस्त्रींशिवाय कुणाला ऐकू जात नसे. ते इंजिनिअर पलटणीचे हवालदार, आडनाव शेलार, जुन्नरकडचे, निवृत्तीला आलेले. मी पुटपुटायचं आणि त्यांनी ते मैदानावर परेड चालू असल्यासारखं जाहीर करायचं अशी आमची पद्धत पडून गेली होती. कधीकधी त्यात ते पदरचंही घालत.

काम काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. जागेचं नाव मात्र घेत नाही, सवय लागली आहे. जमिनीत खोल एक विहीर खणली होती. तिच्यात अणुबॉम्बची चाचणी व्हायची होती. धक्का जमिनीतून कसा पसरतो आणि त्यानं बांधकामांचं काय होतं ते मोजायचं म्हणून आसपास काही खंदक, काही यंत्रांच्या खोल्या आणि एक घर बांधायचं ठरलं. त्या घराचं कागदावरचं नाव 'टार्गेट'. घराच्या जमिनीत बसवलेल्या यंत्राची तार तिथून लांब, अर्ध्या जमिनीत पुरलेल्या एका कोठीत जायची. तिला सगळे 'स्टेशन' म्हणत. तिथं कागदाच्या रुळावर सुया सरकत आणि जमीन हलली की रेघ मारत. डॉ. अंतुरकर त्या सुयांचे मालक. आमच्या घरी मात्र मी धान्याच्या गोदामाचं काम आहे असं सांगितलं होतं. सासूबाई पोस्टकार्डात दर वेळी विचारत, उंदीर फार आहेत का म्हणून.

माझे रोजचे काही नियम आहेत. पहिला घास काढून ठेवायचा, तो गाईला. तिथं गाय नव्हती, तो उंटिणीला जायचा, आणि ती तो उपकार केल्यासारखा खायची. दुसरा नियम म्हणजे तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा. आता तंबूला उंबरा नसतो. मी एक वीट आडवी टाकून तिलाच उंबरा म्हणत होते. पण वाऱ्यानं दिवा टिकायचा नाही, आणि वीट ती वीटच. रोज मनाला लागायचं. त्यामुळे घर बांधायचं आहे हे ऐकून मला जो आनंद झाला तो टार्गेटसाठी नव्हता. तिथं खरा उंबरा होणार होता.

पहिल्याच दिवशी अडलं ते दारावर.

नकाशात दार दक्षिणेला होतं, कारण विहीर दक्षिणेला. दार-खिडक्या धक्क्याच्या समोर हव्यात, असं दिल्लीचं म्हणणं. मेस्त्रींनी नकाशा सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला.

"बाई, ह्यो कुणी काढला?"

"दिल्लीच्या साहेबांनी."

"त्येंच्या घराला दार हाय का नुसतीच खिडकी?"

तेवढ्यात डॉ. अंतुरकर आलेच. मेस्त्रींनी दोरी खाली टाकली आणि हाताची घडी घातली. "साहेब, दक्षिणेला दार मी बसवणार न्हाई."

"का?"

"यमाची दिशा हाय."

डॉ. अंतुरकरांनी रुमाल काढून पिळला, परत डोक्यावर टाकला. "मेस्त्री, या घरात कुणी राहणार नाही. हे पाडायलाच बांधतोय आपण."

"मग तर न्हाईच न्हाई. आधीच बिचारं मरायला निघालंय, त्याला आणि यमाच्या दारातनं कशाला काढताय?"

मी म्हटलं, "सर, आपणच म्हणालात, घर नेहमीचं हवं."

"काय म्हणतायत त्या?"

"बाई म्हणत्यात, नेहमीचं घर पायजे असं तुम्हीच बोलला! तुमच्या शब्दाला काय किंमत हाय का न्हाई!"

"हे मी नाही म्हटलं," मी म्हणाले. ते मेस्त्रींनी जाहीर केलं नाही.

डॉ. अंतुरकर तसे सरळ मनाचे. तर्कात सापडले की हुज्जत घालत नसत. मी थोडं पुढे जाऊन विचारलं, "सर, आपल्या गावाकडे दक्षिणेला दार असलेली घरं किती पाहिलीत? आपल्या घराचं कुठे होतं?"

"पूर्वेला," ते म्हणाले. मग विहिरीच्या दिशेनं बघत राहिले. मला वाटलं ते हिशेब करतायत. "बरोबर आहे तुमचं. दक्षिणेचं दार म्हणजे नमुनाच चुकला. करा पूर्वेला. दिल्लीला मी कळवतो."

"काय कळवणार?" मेस्त्रींनी विचारलं.

"तुमचं नाव," ते म्हणाले, आणि निघून गेले.

चौकट उभी करायच्या दिवशी मेस्त्रींनी माझ्याकडे हळद-कुंकू मागितलं. ते माझ्या पेटीत होतंच. आंब्याची डहाळी मिळणार नव्हती, म्हणून जवानांनी खेजडीची आणली. लाल कापडात सुपारी बांधून चौकटीला लावली. इथवर मला काही खटकलं नाही. पण छपराचं काम संपत आलं तेव्हा मेस्त्री खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर उभे राहिले. पुडीत तांब्याचा एक पुतळा होता, बोटाच्या पेराएवढा. हात, पाय, डोकं, सगळं ठोकून केलेलं.

"वास्तुपुरुष?" मी म्हटलं. "तांबं कुठलं?"

"साहेबांच्या तारंचा तुकडा. गुंडाळी संपली तवा टाकून दिलेला."

"मेस्त्री, हे घर पाडायचं आहे."

"पडू दे की, बाई. पर घर म्हणून पडू दे. बेवारशी नको."

शास्त्र मला ठाऊक होतं. वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात पुरायचा. पण वास्तू सोडताना त्याला तसाच टाकून जायचं नसतं. दहीभाताचा नैवेद्य दाखवून, निरोप मागून, बाहेर काढायचा असतो. आणि ते इथं करणार कोण? चाचणीची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. सकाळी शिट्टी झाली की संध्याकाळी माणसं हलवायची, असं ठरलेलं.

"मी पुरतो," मेस्त्री म्हणाले. "काढायचं तुम्ही बघा. माझा कागद कवाबी येईल, मी घरी जाईन. शब्द द्या."

माझं एक आहे. मी सहसा शब्द देत नाही, कारण दिला की माझ्या लेखी ते व्रत होतं, आणि व्रतं आधीच पुष्कळ आहेत. पण ते पुडी धरून उभे होते. सांध्यांवर चुन्याचे पांढरे डाग पडलेले ते हात.

"दिला," मी म्हटलं.

मेस्त्रींनी त्याची जाहीर घोषणा केली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. पुतळा त्यांनी त्याच संध्याकाळी आग्नेय कोपऱ्यात पुरला.

पुढच्याच आठवड्यात घोटाळा झाला. मी विहिरीकडच्या खंदकावर होते, मेस्त्री सिमेंट उतरवून घ्यायला रेल्वेवर गेले होते. आम्ही परत आलो तर टार्गेटच्या आग्नेय कोपऱ्यात काँक्रीटचा चौथरा उभा. त्यात यंत्र बसवलेलं, तार बाहेर काढलेली, आणि डॉ. अंतुरकर वर पाणी मारतायत. नकाशात यंत्राची जागा त्याच कोपऱ्यात होती. तो नकाशा मी इतक्या वेळा पाहिला होता, पण दाराच्या भांडणात तेवढं डोळ्यांआड झालं होतं.

"सर," मी म्हटलं, "याच्या खाली आमचा वास्तुपुरुष आहे."

जनरेटर धडधडत होता. डॉ. अंतुरकरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "छान, छान," म्हणाले.

मेस्त्री तोंड उघडून उभे होते. पहिल्यांदाच त्यांना माझं बोलणं पुढं पोचवता येईना. काँक्रीट ओलं होतं तोवर बोट घालून काढता येईल का, असा एक विचार दोघांच्याही मनात आला. पण त्याच्या आत यंत्राचं काचेचं काही तरी होतं, आणि त्यावर डॉ. अंतुरकरांचा हात होता.

"निघंल," रात्री जेवताना मेस्त्री म्हणाले. "काय तरी करून निघंल."

"कसं?"

"ते व्रत तुमचं हाय. मला काय इचारता?"

घर तयार झालं ते असं झालं की बघणाऱ्याला वाटावं आत पोळ्या चालल्यात. ओटा, कोनाडे, झोपाळ्याच्या कड्या, चुलीमागे धूर जायला मोकळी फट. दक्षिणेची भिंत मेस्त्रींनी सलग उचलली, तिला झरोकासुद्धा ठेवला नाही. दिल्लीच्या हुकमानं आत भांडी, खाट, घडवंची ठेवली. मी उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि त्या संध्याकाळी तिथं दिवा लावला. वाऱ्याला आत शिरायला जागाच नव्हती. ज्योत सरळ उभी राहिली. किती दिवसांनी!

त्यानंतर जे होत गेलं त्याचा ठराव कुणी केला नव्हता. पहारेकरी जवान दाराशी येऊन आधी खाकरायला लागला. तपासायला येणारे लोक चपला-बूट बाहेर काढायला लागले. दिल्लीचे एक मोठे साहेब आले, त्यांनीही रांगेत बूट काढले, आत जाऊन खाटेवर बसले, "वा, थंड आहे," म्हणाले, आणि तिथंच त्यांचा डोळा लागला. जागे झाल्यावर चहा मागितला. चहा आलाही. टार्गेटची तपासणी त्यांनी झोपेतच केली असणार, कारण शेरा चांगला आला.

बूट न काढणारे एकटे डॉ. अंतुरकर. ते तसेच बुटांसकट खाडखाड आत जात आणि यंत्र तपासून बाहेर येत. मेस्त्रींचा जीव तुटायचा.

"साहेब, उंबऱ्यावर पाय पडतोय."

"टार्गेट आहे ते."

"उंबराबी टार्गेट हाय व्हय?"

"सगळंच टार्गेट आहे, मेस्त्री. मी आलो तेव्हाच सांगितलं होतं, जीव लावू नका म्हणून."

दिव्याला मी पहिले काही दिवस एकटी जात होते. मग मेस्त्री यायला लागले, येताना टाळ घेऊन. मग पहारेकरी. मग पाळीवरून सुटलेले जवान. पलटणीतल्या एकानं पत्र्याच्या डब्याला कातडं ताणून ढोलकी केली. आधी हलक्या आवाजात एक आरती होत होती, तिच्या तीन झाल्या. मग आरतीनंतर फेर धरायला लागले. मी पुढं बसून डोळे मिटून घेत असे. देव बघतो, आपण कशाला बघा.

इकडे स्टेशनात डॉ. अंतुरकरांची झोप उडाली होती.

हे मला कळलं ते त्यांनी बोलावून घेतलं तेव्हा. कागदाचे लांबच लांब रूळ जमिनीवर पसरलेले आणि ते त्यांच्यात गुडघ्यांवर बसलेले.

"विभूतेबाई, इथली माती तुम्ही तपासली आहे. जमीन खचतेय का कुठं?"

"नाही, सर."

"काय?"

मेस्त्री बरोबर नव्हते. मी मान हलवली.

"मग हे काय आहे?" त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "दिवसभर काही नाही. आणि रोज सूर्य मावळला की टार्गेटच्या यंत्रात थरथर सुरू. आधी बारीक होती. दर दिवशी वाढतेय. दिल्लीला कळवलं. ते म्हणतात, वाळू गार होताना आक्रसत असेल. पण दुसऱ्या यंत्रांना का नाही मग? मला वाटतं खाली पाण्याचा झरा असावा. किंवा कुणी भुयार..." ते थांबले. "भुयाराचं मी अजून दिल्लीला कळवलेलं नाही. कळवलं तर चाचणी रद्द होईल."

खरं सांगते, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. आपण दिव्याला जातो, तो जमिनीला कळत असेल, असं मनात कसं येणार? मला खरोखर भुयाराचीच भीती वाटली.

"आज संध्याकाळी इथं थांबा," ते म्हणाले. "दोघांनी मिळून बघू."

"सर, मला दिव्याला जायचंय."

ते त्यांनी ऐकलं. कसं कोण जाणे. "आजचा दिवस दिवा दुसरं कुणी लावेल."

मी मेस्त्रींना निरोप धाडला आणि स्टेशनातच बसले. बाहेर ऊन उतरलं. सुई सरळ चालली होती. डॉ. अंतुरकर तिच्याकडे श्वास रोखून बघत होते. मी मनातल्या मनात जप करत होते.

सुई हलली.

"आलं!" ते कुजबुजले.

बारीक टकटक. मग जरा थांबून पुन्हा. मग एका लयीत. मी बघत होते. हळूहळू एक ठेका कागदावर उतरायला लागला, आणि माझ्या नकळत माझा हात मांडीवर पडायला लागला. पहिल्या आरतीचा ठेका संथ असतो. तो संपला तसं सुईनं दम घेतला. मी हात वर धरला. सुई उचलायच्या आतच तो खाली आला. दुसरी आरती, जरा उडती. ढोलकीवाला दुसऱ्या कडव्याला नेहमी घाई करतो, तशी त्यानं केली. माझ्या तोंडून नकळत निघालं, "हळू..."

डॉ. अंतुरकरांनी मान वर केली.

"विभूतेबाई."

"सर?"

"सुई हलायच्या आधी तुमचा हात हलतोय."

मी हात पदराखाली घेतला.

"आता काय होईल?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. "आता फेर धरतील, सर."

आणि सुई अशी नाचायला लागली की शाई उडाली.

टार्गेटकडे ते जीपमधून गेले, मी मागे बसले होते. मेस्त्री टाळ घेऊन मध्ये, भोवती जवानांचा फेर, उंबऱ्यावर दिवा. डॉ. अंतुरकर दाराबाहेर उभे राहिले. फेर हळूहळू थांबला. कुणी ढोलकी पाठीमागं लपवली.

"मी," ते फार हळू बोलले, माझ्यापेक्षाही हळू, "पाकिस्तानपर्यंत भुयार नेलं होतं."

कुणी हसलं नाही. मग मेस्त्रींच्या तोंडातून काहीतरी फुटलं आणि सगळी पलटण हसायला लागली. डॉ. अंतुरकर हसले नाहीत, पण त्यांच्या डोक्यावरचा रुमाल हलत होता.

मग त्यांनी हुकूम दिला. उद्यापासून घर बंद. कुलूप. कुणी आत जायचं नाही, वाजवायचं नाही, दिवाही नाही. चाचणी जवळ आली आहे.

जवान पांगले. मी तिथंच उभी राहिले. मेस्त्रीही.

"सर, चौथऱ्याखाली वास्तुपुरुष आहे," मी म्हटलं. "मी त्याला निरोप द्यायचा शब्द दिलाय."

त्या क्षणी जनरेटर बंद होता.

"माझ्या यंत्राखाली?"

"यंत्राच्या आधीपासून," मेस्त्री म्हणाले.

"यंत्र निघणार नाही."

"घर पडेल, सर," मी म्हटलं. "तो तसाच राहील खाली. निरोपाशिवाय."

मला वाटलं आता ते चिडतील. पण ते ओट्यावर बसले. मेस्त्रींनी बांधलेला ओटा बसायला फार चांगला होता.

"आमचं गाव धरणात गेलं," ते म्हणाले. "घाटावरचं खोरं. मी तेव्हा शाळेत होतो. पाणी लवकर अडवलं. सामान निघालं, गुरं निघाली. वास्तू राहिली. आई पुढं दर पौर्णिमेला नव्या वसाहतीतून चालत जायची, काठावर दहीभात ठेवायची, पाण्याकडे बघून. मी तिला म्हणायचो, आई, मासे खातात तो. ती म्हणायची, खाऊ दे." त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "म्हणून म्हटलं होतं मी. जीव लावू नका."



डॉ. अंतुरकर उठले. "चाचणीनंतर यंत्र मलाच काढावं लागणार आहे. तेव्हा घर उभं असो की ढिगारा असो, तुमचा वास्तुपुरुष मी काढून देईन. मी स्वतः."

"शब्द?" मेस्त्रींनी विचारलं.

"शब्द."

"बाई म्हणत्यात, शब्द म्हंजे व्रत असतं!"

हे मात्र मी खरंच मनात म्हटलं होतं.

शिट्टी झाली ती तिसऱ्या दिवशी. आम्ही सगळे स्टेशनात आणि आसपासच्या खंदकांत. मी डोळे मिटून बसले होते. जमीन एकदा उचलली गेली, झोपलेलं माणूस कूस बदलतं तशी, आणि परत बसली. छपरातून वाळू गळली. सुयांनी कागद फाडला. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, कुणी रडत होतं. त्या सगळ्या गर्दीत मेस्त्री दुर्बीण घेऊन एकटेच वर उभे होते.

"उभं हाय!" ते ओरडले. "बाई, उभं हाय घर!"

मला दुर्बीण दिली. धुळीतून ते दिसलं. एका कोपऱ्याला तडा, छपराचं एक टोक बसलेलं, आणि पूर्वेचं दार जसंच्या तसं. दक्षिणेची भिंत सलग.

दिल्लीहून फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. टार्गेट का पडलं नाही, असा प्रश्न होता. डॉ. अंतुरकरांनी फोनवर हात ठेवून मेस्त्रींकडे पाहिलं.

"सांगा की," मेस्त्री म्हणाले, "नेहमीचं घर होतं."

"धक्क्याच्या बाजूची भिंत सलग ठेवली होती, सर," डॉ. अंतुरकर फोनमध्ये म्हणाले. मग पलीकडून काही विचारलं गेलं असावं. "नाही. माझा निर्णय नव्हता. कोंडिबा शेलार, हवालदार."

दुसऱ्या दिवशी माणसं किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं घेऊन जाऊन आली, घराची जागा धोक्याची नाही असं सांगितलं. पण आत जायची परवानगी फक्त यंत्र काढणाऱ्यांना. मी तंबूत दहीभात कालवला, डब्यात भरला आणि दुपार कलल्यावर पहाऱ्यापाशी जाऊन उभी राहिले.

"ताई, तुमचं नाव नाही आत जायला," पहारेकरी म्हणाला. तो फेरात ढोलकी वाजवणारा. त्यालाही वाईट वाटत होतं.

"त्येंचं व्रत हाय!" मेस्त्री गरजले. "अडवू नगंस!"

"मेस्त्री, माझी नोकरी आहे..."

मी मेस्त्रींना गप्प केलं. डबा पदरानं झाकून तशीच उभी राहिले. वाद घालून काय होणार होतं? देवाला दिसत होतं.

तेवढ्यात डॉ. अंतुरकर आले. खांद्याला छिन्नी-हातोड्याची पिशवी, डोक्यावर रुमाल. इतर माणसं अजून चहा पीत होती, त्यांना काही न सांगताच ते निघाले होते. माझ्यासमोर थांबून त्यांनी हात पुढे केला. मी डबा दिला.

"मीठ नाही ना घातलं?" त्यांनी विचारलं. "आई घालायची नाही."

"नाही, सर."

"ठेवून मग काय म्हणायचं असतं?"

"फार काही नाही. 'चला' म्हणायचं."

"चला," त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. आणि पहाऱ्याचा दोर ओलांडून चालायला लागले.

"साहेब, कुठं?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"यंत्र काढायला," ते मागं न बघता म्हणाले.

घर तिथून बरंच लांब होतं. आम्ही बघत राहिलो. त्यांनी डबा दोन्ही हातांत, छातीशी धरला होता, सांडू नये म्हणून. थोडं अंतर गेल्यावर ते थांबले. खाली वाकले. मेस्त्री म्हणाले, "काय झालं? पाय मुरगळला का काय?"

काही झालं नव्हतं. उंबरा यायला अजून केवढी तरी वाळू बाकी होती, तिथंच त्यांनी बूट काढले. एका हातात बूट, दुसऱ्यात डबा, आणि ते तसेच पुढं चालायला लागले.